सहावी सूचना

रत्नकाजी तुलाधर यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं होतं असं नाही, वेळ नव्हता असंही नाही. ते माझ्या मोठ्या शब्दकोशात, मधल्या पानांत कुठेतरी, वीस वर्षं घडी घालून ठेवलेलं होतं. दर दिवाळीला पुस्तकांवरची धूळ झटकताना ते हाताला लागे. मी ते वाचत असे आणि परत तिथेच ठेवत असे.

पत्र एका पानाचं होतं. निळी शाई, शाळेत गिरवून कमावलेलं अक्षर. इंग्रजीत लिहिलं होतं, पण सुरुवातीला ‘अच्युत दाइ’ हे दोन शब्द देवनागरीत होते. दाइ म्हणजे थोरला भाऊ. पुढे लिहिलं होतं: ‘मी तक्रार करत नाही. माझं नेमकं कुठे चुकलं, एवढंच विचारायचं आहे. कळलं तर पुढच्या वेळी तसं करणार नाही. इथे मला कोणी काही सांगत नाही. तुम्ही सांगाल असं वाटतं.’

परिषदेसाठी काठमांडूच्या एका हॉटेलात आम्ही तीन दिवस होतो. सगळं घडलं ते दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत विश्लेषक होतो. माझं काम खोलीतलं. चार देशांनी मिळून एक योजना आखली होती. भारत, नेपाळ, पाकिस्तान आणि भूतान यांनी आपापल्या एकेका हिमनदीवरचा बर्फ घ्यायचा, तो वितळवून बांगडीएवढ्या गोल फिल्टर पेपरातून गाळायचा आणि ते कागद आमच्याकडे पाठवायचे. कागद जितका काळा, तितकी त्या बर्फावर काजळी. वीटभट्ट्या, डिझेलची वाहनं, शेतात पेटवलेलं पाचट, चुली, सगळ्यांचा धूर वर जाऊन बर्फावर बसतो. काळवंडलेला बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. चारही देशांचे आकडे एका तक्त्यात आले की त्याखाली चौघांनी सह्या करायच्या आणि दरवर्षी असंच एकत्र मोजायचं असा करार होणार होता. मोजणं एकत्र झालं की धूर कमी करण्याचं बोलणं एकत्र करता येईल, अशी आशा होती. ही आशा मोठ्या लोकांची. मी कागद वाचत होतो.

बर्फ कसा घ्यायचा आणि कसा गाळायचा याचं सूचनापत्रक मात्र मी लिहिलं होतं. दहा सूचना. त्यासाठी दोन महिने ग्रंथालयात बसलो, सात पुस्तकं चाळली. मी स्वतः हिमनदी कधी पाहिलेली नव्हती. मनालीला एकदा बसच्या खिडकीतून रस्त्याकडेचा बर्फ पाहिला होता, तेवढाच. पण पत्रक उत्तम झालं आहे असं मला वाटलं होतं, आणि मला स्वतःचं काही उत्तम झालं आहे असं सहसा वाटत नाही. सहावी सूचना अशी होती: बर्फाची काचेची बरणी बंद आणि उबदार जागेत गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून बर्फ हळूहळू वितळवावा. झाकण सैल ठेवावं. गाळण्याचं कामही तिथेच करावं.

आमचे प्रमुख डॉ. रेगे पत्रक वाचून हसले होते. “खरवंडीकर, ही तर पाककृती झालीय. चवीपुरतं मीठ तेवढं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर तक्ता आला. भारत, पाकिस्तान, भूतान, तिघांचे आकडे उन्नीस-बीस. नेपाळचा पाचपट.

सभागृहात कुजबुज झाली. चहाची सुट्टी होताच रेगे सरांनी मला खांबाआड ओढलं.

“तुमचं वाचन पक्कं आहे?”

“पक्कं आहे, सर. तीन वेळा केलं.”

“मग घेण्यात घोळ आहे. हा आकडा तक्त्यात राहिला तर दिल्लीहून आलेले दोघं सही करणार नाहीत. पाचपट काजळी म्हणजे बोट सरळ खाली, आपल्या उत्तरेच्या मैदानी मुलखाकडे. आणि काढला तर नेपाळवाले चिडणार.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रात्रभर मसुद्यावर बसले होते. “मला तक्ता वाचवायचाय हो. बाकी काही नाही. तुमचं त्या तुलाधरशी जमतं ना?”

“थोडंफार, सर.”

“मग विचारा त्याला, बर्फ कसा गाळला ते. दोनच्या आत मला सांगा. कारण सापडलं तर सभेत मांडू, पुढच्या हंगामात परत मोजायला सांगू, आणि सगळ्यांची अब्रू राहील. कारणच नसेल तर मात्र रकाना उडवावा लागेल.”

रत्नकाजी हिरवळीवर माझीच वाट पाहत उभे होते. चाळिशीचे, किडकिडीत, डोक्यावर काठमांडूची टोपी. हातात मातीचं छोटं मडकं, वर कागद बांधलेला.

“दाइ, भक्तपूरचं दही आहे. सकाळी बसने जाऊन आणलं. हॉटेलचं खाऊ नका, त्याला दही म्हणणं पाप आहे.”

“एवढा त्रास कशाला घेतलात?” मी म्हणालो. मला कोणी काही आणून दिलं की मी हेच म्हणतो.

“त्रास कसला! आमच्या घराण्याचं नाव तुलाधर. तराजू धरणारे. पणजोबा ल्हासापर्यंत व्यापार करत. माप चुकलं त्या दिवशी आजोबा जेवत नसत. तुम्ही पण मापाचे माणूस, म्हणजे आपण एकाच जातीचे.”

इतक्यात नियत करीम बशीत समोसा घेऊन आले. ते हुंझाचे, पाकिस्तानच्या पथकाचे प्रमुख, अंगाने आडवे आणि आवाजाने त्याहून आडवे.

“तुलाधरसाहेब, पाचपट! तुम्ही हिमनदीवर गेला होता की वीटभट्टीवर?”

“हसा तुम्ही,” रत्नकाजी म्हणाले. “आकडा खरा आहे. खालून धूर येतो तो आमच्या दारात आधी थांबतो.”

“थांबत असेल बुवा. माझे फिल्टर पेपर दुबईवरून मुंबईला आणि तिथून पुण्याला गेले. धूर बिचारा सरळ येतो.” ते माझ्याकडे वळले. “खरवंडीकरजी, एक कबूल करतो, रागावू नका. तुमचं ते दहा कलमांचं पत्रक आम्ही नीट पाळलं नाही. वर कोण पाणी गरम करत बसतो? बाटल्या घट्ट बंद केल्या, पोत्यात घातल्या, जीपमध्ये टाकल्या. गिलगिटला येईपर्यंत आपोआप वितळल्या. मग शाळेच्या प्रयोगशाळेत गाळलं. पत्रकावर आम्ही चहाचे कप ठेवत होतो.”

“आणि भूतानवाले?” मी विचारलं.

“त्यांनी पण खाली आणूनच गाळलं म्हणे. तुमच्याच पथकाचं काय?”

आमच्या पथकानेही बाटल्या मनालीला आणल्या होत्या. मला ते माहीत होतं आणि मी त्यावर रागावलोही होतो.

रत्नकाजींनी मान हलवली, मास्तर नापास मुलाकडे पाहून हलवतात तशी. “मी एकेक ओळ पाळली. अक्षरशः. सहावी सूचना तर मला पाठ आहे. म्हणून दाखवू?”

“नको,” मी म्हणालो.

“पाच हजार मीटरवर बंद आणि उबदार जागा एकच, स्वयंपाकाचा तंबू. गरम पाणी पण तिथेच. आमचा स्वयंपाक्या मंगले कुरकुरायचा, साहेब, भात करू की तुमचा बर्फ शिजवू? मी म्हटलं, दोन्ही कर. रॉकेलचे दोन स्टोव्ह. एकावर त्याचा भात, एकावर माझं पातेलं. तंबूची दारं बांधून घेतली, ऊब जायला नको म्हणून. तीन दिवस मी स्वतः तिथे बसलो, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. झाकणं सैल. हातपंपाने गाळणं पण तिथेच. घरी गेल्यावर नाक शिंकरलं तर रुमाल काळा! बायको म्हणाली, तुम्ही बर्फावर गेला होता की चुलीत?”

नियत करीम मोठ्याने हसले. रत्नकाजीही हसले. मग त्यांनी मला विचारलं, “बरोबर केलं ना, दाइ?”

माझ्या हातात दह्याचं मडकं होतं. त्याचा गारवा बोटांना जाणवत होता, एवढं मला आजही आठवतं. रॉकेलचा स्टोव्ह. बांधलेली दारं. सैल झाकणं. त्या तंबूतली सगळी काजळी माझ्या सूचनेप्रमाणे, शिस्तीत, माझ्या फिल्टर पेपरवर जाऊन बसली होती. माझ्या सातही पुस्तकांतल्या प्रयोगशाळांत गरम पाणी नळाला येत होतं. डोंगरावर ते कशावर तापवतात, हा प्रश्न मला दोन महिन्यांत एकदाही पडला नव्हता. ज्यांनी माझ्या कागदाची पर्वा केली नाही त्यांचे आकडे खरे निघाले होते. ज्याने केली तो एकटा बुडणार होता.

“बरोबर,” मी म्हणालो.

हा शब्द मी का उच्चारला, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. आधी रेगे सरांना एकट्याला गाठून सांगावं असं मनात होतं. जेवणाच्या वेळी ते दिल्लीकरांबरोबर बसले होते. मी दोनदा त्यांच्या टेबलाजवळ जाऊन आलो. दुसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, “काय खरवंडीकर, सापडलं काही?” टेबलावरच्या पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं.

“विशेष काही नाही, सर,” मी म्हणालो आणि मिठाची बाटली घेऊन परत आलो, जणू तीच न्यायला गेलो होतो.

दोन वाजता सभा सुरू झाली. अध्यक्षस्थानी भूतानच्या एक वयस्क बाई होत्या, शांत, हळू बोलणाऱ्या. रेगे सरांनी चार वाक्यांत मांडलं. प्रयोगशाळेचं वाचन तीनदा तपासलेलं आहे. इतर तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळतात. तेव्हा नेपाळच्या नमुन्यांच्या हाताळणीत निष्काळजीपणा झाला असावा. हा रकाना यंदा वगळावा.

रत्नकाजी उभे राहिले. “अध्यक्षमहोदया, मी पत्रकातली प्रत्येक सूचना पाळली आहे. पत्रक लिहिणारे गृहस्थ इथे बसले आहेत. मी आज सकाळीच त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे.”

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. “श्रीयुत खरवंडीकर, आपल्याला काही सांगायचं आहे?”

साठ-सत्तर माणसं. समोर पाण्याचा ग्लास, त्यावर झाकणी. मी आयुष्यात सभेत कधी बोललो नव्हतो. शाळेत वक्तृत्वाच्या वेळी मी पोट दुखतं म्हणून घरी जात असे. एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझ्या कागदात आहे. चार-पाच शब्द. मी चष्मा वर सरकवला.

“नाही,” मी म्हणालो. “वाचन बरोबर आहे.”

रत्नकाजी आणखी थोडा वेळ उभे होते. त्यांना वाटलं असावं, माझं वाक्य अजून संपायचं आहे. मग ते बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘नेपाळच्या निरीक्षकाच्या निष्काळजी हाताळणीमुळे नोंदी वगळण्यात येत आहेत.’ चार वाजता नेपाळच्या वरिष्ठांनी सांगितलं की आमचा रकाना नसेल तर आमची सही नाही, आणि ते लोक उठून गेले. तीन सह्यांचा करार कोणालाच नको होता. तक्ता वाचला, करार गेला.

बाहेर पडताना नियत करीम माझ्याबरोबर जिना उतरत होते. या वेळी आवाज खाली होता. “खरवंडीकरजी, इमानदार पोरगा नापास आणि मी पास. तुमच्या परीक्षेत काहीतरी गडबड आहे.” मी जिन्याच्या पायऱ्या मोजत राहिलो.

परतीच्या विमानात रेगे सरांनी मला खिडकीशी बसवलं. “बसा, हिमालय दिसेल. तुम्ही पाहिलेला नाही ना?” तो खरंच दिसत होता, पांढराशुभ्र, लांबवर. मला पाहवेना. मी सरांना सांगून टाकलं. स्टोव्ह, तंबू, सहावी सूचना, सगळं.

हवाई सुंदरीने पुढे केलेलं सरबत त्यांनी घेतलं नाही.

“मी तुम्हाला विचारायला पाठवलं होतं, खरवंडीकर,” ते म्हणाले. “दोनच्या आत सांगा म्हटलं होतं. आपला कागद चुकला असं म्हटलं असतं तर चार माणसं हसली असती. पुढच्या वर्षी परत मोजलं असतं. एवढंच होतं हो.”

पुढे त्यांनी वर पत्रं लिहिली, इतिवृत्त दुरुस्त करायचा प्रयत्न केला. पण उठून गेलेल्या लोकांना परत बसवणं कोणाच्या हातात राहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी पाकिस्तानचे कागद आले नाहीत, तिसऱ्या वर्षी भूतानचे. त्यानंतर आम्ही आमचेच कागद वाचत बसलो. रत्नकाजींना हिमनदीच्या कामावरून काढून तराईच्या सखल भागात कुठेतरी पर्जन्यमापकावर पाठवलं, असं त्यांच्या पत्रावरूनच कळलं.

उत्तर लिहायला मी किती वेळा बसलो ते सांगत नाही. सुरुवातीला भीती वाटायची, मग लाज वाटायला लागली. मग नुसता उशीर झाला. उशिराला खतपाणी लागत नाही, तो आपसूक वाढतो. पाच वर्षांनी उत्तर पाठवणं विचित्र दिसेल म्हणून थांबलो. दहा वर्षांनी तर ते उत्तर कसं म्हणायचं, असं वाटलं. रेगे सर गेले. मी निवृत्त झालो. वर्तमानपत्रात हिमनद्यांची बातमी आली की मी पान उलटत असे.

या डिसेंबरात मला एक ईमेल आली. चार देशांतली नवी मंडळी पुन्हा एकत्र मोजणी सुरू करत होती. त्यांनी मार्गदर्शिकेचा मसुदा जुन्या माणसांकडे अभिप्रायासाठी पाठवला होता. जुना माणूस म्हणून माझं नाव कोणी दिलं देव जाणे. मी सवयीने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चौदाव्या पानावर थांबलो. ‘बरणी बंद आणि उबदार जागेत गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून बर्फ हळूहळू वितळवावा. झाकण सैल ठेवावं.’ वाक्य माझंच होतं, इंग्रजीत, एक शब्दही न बदलता. या फायलीतून त्या फायलीत असं ते वीस वर्षं जिवंत राहिलं होतं. आता पुन्हा कोणीतरी प्रामाणिक माणूस तंबूची दारं बांधून घेणार होता.

कुमुद, माझी बायको, दोन वेळा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आत आली.

“कोरा कागद घेऊन कुणाला लिहायला बसलाय? त्या नेपाळच्या माणसाला का?”

“तुला कसं माहीत?”

“शब्दकोश पुसायला काढते ना मी. दर दिवाळीला तुम्ही ते पत्र वाचता आणि मग दोन दिवस धड जेवत नाही. मला वाटायचं, मेला असेल कोणीतरी.”

“कोणी मेलं नाही. म्हणजे, माहीत नाही.”

“मग लिहा,” ती म्हणाली. “पण आधी जेवा. भाकरी वातड होतेय.”

मी जेवलो आणि मग लिहिलं. आधी त्या नव्या मंडळींना: चौदाव्या पानावरची सूचना माझी आहे आणि ती चुकीची आहे, बर्फ घट्ट बंद बाटलीत खाली आणून गाळावा, आणि वीस वर्षांपूर्वी वगळलेला रकाना निरीक्षकाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे तर माझ्या सूचनेमुळे खोटा ठरला, हे मार्गदर्शिकेत माझ्या नावानिशी छापावं. चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: छापू. सोबत दुरुस्त केलेलं पान होतं. ते पान मी प्रिंटरवरून काढून आणलं आणि रत्नकाजींना पाठवायच्या पाकिटात ठेवलं. मग त्यांना पत्र लिहिलं. ते लांब झालं नाही. लांब लिहिलं की मी स्वतःची बाजू मांडू लागतो, हे मला ठाऊक आहे.

‘प्रिय रत्नकाजी, तुम्ही विचारलं होतं, माझं कुठे चुकलं. तुमचं कुठेही चुकलं नाही. चूक माझ्या सहाव्या सूचनेत होती. ती मला त्याच सकाळी हिरवळीवर कळली होती. दही चांगलं होतं, ते मी खाल्लं. अच्युत खरवंडीकर.’

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं. पत्ता मी जुन्या पत्रावरून उतरवला होता, काठमांडूतल्या असन बाजाराचा, त्यांच्या घराचा.

“नेपाळ? ईमेल नाही का काका त्यांचा?”

“नाही माझ्याकडे.”

“फोन तरी?”

“तोही नाही.”

“माणूस आहे ना तिथे? नाही तर परत येतं.”

“परत आलं तर त्यांच्या मुलांच्या नावाने पाठवीन,” मी म्हणालो. “घर जुनं आहे. कोणीतरी असेल.”

बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. आयुष्यभर मी मिलिग्रॅममध्ये मोजत आलो, तरी मान पुढे करून आकडा पाहिला. “अठरा ग्रॅम. बसतंय वीसमध्ये,” त्या म्हणाल्या. “पोचपावती हवी?”

वीस वर्षं एका माणसाला मी पोच दिली नव्हती.

“नको,” मी म्हणालो.

त्यांनी तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि मागे न पाहताच पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. मी तिथेच उभा राहिलो. पिशवीचं तोंड उघडं होतं, पण पाकीट दिसत नव्हतं.

“झालं?” मी विचारलं.

“झालं की, काका. सरका थोडं. पुढचे कोण?”